घोडा मीच दाखवला

माझ्या धंद्याचं मुख्य हत्यार होतं दाढी करायचा आरसा. कडेला पत्र्याची पट्टी, मागे लाल रंग, पेणच्या बाजारात कुठेही मिळेल असा. पेण आणि रोह्याच्या गावागावांतून मी जवळजवळ तीस वर्षं लोकांना वीरगळी दाखवत फिरलो. त्या काळात चार आरसे फुटले, पाचवा शेवटपर्यंत टिकला. त्या पाचव्याविषयी शेवटी सांगणार आहे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला गाईडच्या आयुष्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या. त्या आहेत, आणि थोड्या सांगतोही. पण मी लिहायला बसलो ते वेगळ्या कारणासाठी. एका गावात मला लिहून आणायला सांगितलं आहे, आणि माझं लिहून होईपर्यंत तिथलं एक काम थांबलेलं आहे.

ज्यांनी वीरगळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. कुणी गावासाठी लढताना, पळवलेली गुरं सोडवताना किंवा जनावराशी झुंजताना मेला, की त्याच्या नावाने जुन्या काळी दगड उभा करत. कमरेएवढा, कधी छातीएवढा. त्यावर एकावर एक कप्पे कोरलेले असतात आणि ते खालून वर वाचायचे. सगळ्यात खाली माणूस मेला कसा ते. त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून नेताना. त्याच्या वर तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. शेंड्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. नाव मात्र बहुतेक दगडांवर कुठेच कोरलेलं नसतं. हे वाक्य मी प्रत्येक बसला ऐकवायचो आणि प्रत्येक बस हसायची.

आमच्याकडचे हे दगड पावसाने इतके झिजले आहेत की समोरून बघितलं तर काही कळत नाही. मग आरसा लागतो. दगड झाडाच्या सावलीत असतो. आपण उन्हात उभं राहायचं आणि आरशातून कवडसा दगडावर आडवा सोडायचा. आडव्या उजेडात उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि सपाट वाटणाऱ्या दगडातून तलवार, ढाल, पाय वर येतात. बघणारे अवाक होतात. पण यात एक गोम आहे. उजवीकडून कवडसा टाकला तर एक दिसतं आणि डावीकडून टाकला तर दुसरंच. भेगेची सावलीसुद्धा कोरीवकामासारखी दिसते. कुठे उभं राहायचं हे गाईड ठरवतो.

मी मूळचा जोह्याचा. आमच्याकडे घरटी गणपतीचा कारखाना. मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून डोळ्यांची आखणी करायचो. विसर्जन झालं की हात रिकामे व्हायचे. अशाच एका रिकाम्या महिन्यात पनवेलचे एक गृहस्थ शहरातल्या मंडळींची बस घेऊन कारखाने दाखवायला आले. मी मूर्ती कशी घडते ते सांगितलं. जाताना ते म्हणाले, तुम्हाला बोलता येतं, इतिहास वाचा. मी पेणच्या वाचनालयात जाऊन वाचला आणि पुढच्या हंगामापासून त्यांच्या बसगाड्या घेऊन फिरायला लागलो. गावातले मला मास्तर म्हणायला लागले. मी कधी शाळेत शिकवलं नाही, पण हातात छडी असायची आणि मागे चाळीस माणसं रांगेत.

सकाळी पेणला नाश्ता, मग कासूच्या बाजूची दोन-तीन गावं, दुपारी रोह्याला जेवण आणि धावीर महाराजांचं दर्शन, ऊन उतरलं की अवचितगडाच्या वाटेवरचे दगड. असा दिवस असायचा. ‘वीरांच्या वाटेवर’ असं त्या गृहस्थांनी सहलीचं नाव ठेवलं होतं.

हा धंदा संशयाचा आहे हे पहिल्याच वर्षी कळलं. अनोळखी माणूस गावाबाहेरच्या दगडापुढे वाकून बसला, आरशाने उजेड पाडू लागला, की गाव एकच गोष्ट समजतं: हा गुप्तधन शोधतोय. आणि गाव नेहमी चुकतं असंही नाही. एकदा मुंबईचे एक पांढरा शर्ट घातलेले काका बसमध्ये होते. सगळे फोटो काढत होते तेव्हा ते किल्लीने दगड ठोकून आवाज ऐकत होते. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, हा चंद्र बरोबर कुठल्या दिशेला बघतो? मी म्हणालो, काका, चंद्र कुठेही बघत नाही, तो नुसता कोरलाय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सगळं स्वतःसाठी राखून ठेवतोय. महिन्याभराने ते पहार घेऊन एकटेच आले आणि गावातल्या बायकांनी त्यांना बांधावरून पळवून लावलं. त्यानंतर वर्षभर माझा आरसा बघितला की लोक विचारायचे, मास्तर, पहार कुठाय?

असा सगळ्यांवर संशय घेतला जायचा. पुढे मीही घ्यायला शिकलो.

आता ज्या गावासाठी लिहितोय त्याचं नाव मी बदलतो, बाहेरचं कुणी पहार घेऊन जायला नको; गावाला कळेलच. पळसवाडी म्हणू. कासू स्टेशनपासून पाऊण तास चालत. वरच्या अंगाला भातशेती करणाऱ्यांचं गाव, ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी, आणि मधल्या बांधावर चिंचेखाली एक वीरगळ. कमरेएवढी. शेंदराचे थर चढून चढून ती नारळाच्या गोट्यासारखी गोल झालेली. वरचे चंद्र-सूर्य तेवढे दिसायचे, खालचा कप्पा शेंदराने भरून गेलेला. गावात तिला वीर म्हणायचे, वाडीत ईर.

या दगडाचा एक रिवाज होता. मृगाच्या आधी, पेरणी सुरू करण्यापूर्वी, वीराला पहिलं शेंदराचं बोट वाडीतल्या माणसाने लावायचं. ते लागल्याशिवाय गावात कुणी बी टाकत नसे. गावात पाटलांचं घर मोठं, पण त्या दिवशी पाटीलसुद्धा चपला काढून मागे उभे राहायचे. असं का, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. चालत आलंय, एवढंच. मी जायला लागलो तेव्हा हा मान गोमा नावाच्या माणसाकडे होता. बारीक अंगाचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. शेंदूर लावून झाला की तो नारळ फोडायचा. एक कवड वीरापुढे ठेवायचा आणि दुसऱ्या कवडीचा तुकडा काढून अगदी खाली, दगडाच्या मुळाशी, उजव्या कोपऱ्यात. गावातली माणसं हसायची. मी विचारलं तेव्हा गोमा म्हणाला,

“तो कुत्र्याला.”

“कुठला कुत्रा?”

“ईराचा. बा ठेवायचा, म्हणून मी ठेवतू.”

मी वहीत लिहून घेतलं आणि विसरलो.

पाटलांच्या घरचे कर्ते म्हणजे आप्पा. माझी पहिली बस आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना ताक दिलं. आरशाच्या कवडशात खालच्या कप्प्यात काहीतरी वाकलेलं, मानेसारखं दिसत होतं. मी सकाळी दहाला पोचायचो, ऊन उजवीकडून असायचं, म्हणून उजवीकडे उभा राहायचो. मी म्हणालो, ही घोड्याची मान असावी. ‘असावी’ म्हणालो होतो. आप्पा म्हणाले, घोडाच तो, आमच्या घराण्यात घोडेस्वार होते असं आजोबा सांगायचे. पुढच्या बसला मी ‘असावी’ गाळलं. त्याच्या पुढच्या बसला घोड्यावर पाटलांचा पूर्वज बसला. लोकांना घोडा आवडतो. ढाल-तलवारीचा शिपाई बघून ते पुढे जातात, घोडेस्वार म्हटलं की थांबतात. शाळेतली मुलंही शिकली. मी आरसा धरायच्या आधीच ओरडायची, घोडा, घोडा.

एका हिवाळ्यात परदेशी नवरा-बायको आले. दोघंही सत्तरीचे. त्या दिवशी गोमाने काही नवसासाठी नारळ फोडला होता आणि कोपऱ्यात तुकडा ठेवला होता. बाईंनी विचारलं, हा वेगळा का? माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण ‘कुत्रा’ सांगता येत होतं. ते ऐकून तो म्हातारा एकदम खूष झाला. त्यांच्या देशात, म्हणाला, जुन्या देवळांत लढवय्या सरदारांच्या दगडी मूर्ती आडव्या झोपवलेल्या असतात आणि पुष्कळांच्या पायाशी कुत्रा कोरलेला असतो. तो गुडघे टेकून कोपऱ्यात हात फिरवायला लागला. आप्पा शेजारी उभे होते, त्यांच्या कपाळावर आठी आली. मी म्हाताऱ्याला उठवलं आणि म्हणालो, ही साधी माणसं आहेत, त्यांची काहीतरी समजूत आहे. गोमाला इंग्रजी येत नव्हतं. पण उडवून लावताना माझा हात कसा हलला ते त्याने पाहिलं.

पुढची गोष्ट वैशाखातली. पनवेलच्या गृहस्थांकडे फोटो काढणाऱ्यांचा एक खास गट येणार होता. ते मला म्हणाले, मास्तर, तुमच्या घोड्याबद्दल तक्रारी आहेत, नीट दिसत नाही म्हणतात, काहीतरी करा. मी कारखान्यातला माणूस. मूर्तीवरचा बिघडलेला तेलरंग कसा सोडवायचा हे माझ्या हातांना माहीत होतं. शेंदूर म्हणजे तेलात कालवलेली भुकटीच. रॉकेलचा बोळा कडेला दाबून ठेवला की थर ओला होतो आणि कोरणीने थोडा थोडा उतरतो. मला फक्त खालच्या कप्प्यावरचा बोटभर थर पातळ करायचा होता.

आदल्या दिवशी दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, मी एकटा गेलो. थराच्या खालच्या कडेला फट होती. तिच्यात चार बोळे सारले, अर्धा तास थांबलो, कोरणी लावून बघितली. थर हलेना. वाटलं, नाही जमत. बोळे काढून पिशवीत टाकले आणि कासूला येऊन गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी बसच्या तासभर आधी पोचलो. चिंचेखाली गोमा उभा होता. शेंदराचं अख्खं कवच सुटून खाली पडलं होतं, आतून पोकळ, गुळाच्या काहिलीसारखं. आणि दगड उघडा. कित्येक पिढ्यांनी बघितला नसेल असा काळा, स्वच्छ.

आरशाची गरजच नव्हती. शेंदराने सगळं जपलं होतं. खालच्या कप्प्यात एक माणूस एक गुडघा टेकून बसलेला. अंगावर लंगोट, डोक्याला काही नाही, हातात ताणलेलं धनुष्य. ते वाकलेलं, मानेसारखं दिसणारं, ते धनुष्य होतं, आणि त्याला जोडून एक भेग गेली होती. समोरून वाघ झेप घेतोय. आणि माणसाच्या मागे, अगदी खाली उजव्या कोपऱ्यात, शेपूट वर केलेला कुत्रा.

गोमाने खाली बसून त्या कुत्र्यावर बोट ठेवलं.

“हाय,” तो म्हणाला. “बा खोटा नव्हता.”

मी पिशवीतून कॅमेरा काढला आणि एक फोटो घेतला. पिशवी उघडताना कालचे बोळे वरच होते. मी ते खाली दाबले. गोमा माझ्याकडेच बघत होता, पण मला वाटलं कॅमेऱ्याकडे बघतोय.

तेवढ्यात आप्पा आले, मागे चार-पाच माणसं. त्यांनी कवच पाहिलं, दगड पाहिला आणि सगळ्यात आधी नाक वर केलं.

“रॉकेल मारलंय कुणीतरी.”

गोमाच्या पायाशी प्लास्टिकचा कॅन होता. रेशनवर रॉकेल आलं होतं आणि तो ते घेऊनच वाडीकडे चालला होता. वाटेत दगड उघडा दिसला म्हणून थांबला होता. सगळ्यांची नजर त्या कॅनवर गेली. आप्पांनी मला विचारलं, “मास्तर, तुम्ही कधी आलात? तुम्ही काय बघितलंत?”

इथे मी जे बोललो ते अक्षरशः लिहितो, कारण त्यासाठीच हे सगळं आहे. मी म्हणालो,

“मी आत्ताच आलो. वाडीत रॉकेल लागतंच म्हणा.”

एवढंच वाक्य. त्यात मी गोमाचं नाव घेतलं नाही, आणि पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो.

गोमा म्हणाला, “मी कशाला करीन? माझा मान हाय तो.” आप्पा म्हणाले, मानापायीच केलंस, आपला कुत्रा दाखवायला केलंस. मग एकाने म्हटलं की वीराने अंगावरचं टाकलं म्हणजे लावणाऱ्याचा हात वाईट झालाय. दुसऱ्याने मान डोलावली. चिंचेखाली उभ्या उभ्याच ठरलं की यापुढे वाडीचं बोट लागणार नाही. आप्पांनी घरून शेंदूर आणि तेल मागवलं आणि स्वतःच्या हाताने दगड लिंपला, खालच्या कप्प्यावर सगळ्यात जाड. गोमा ओढ्यापर्यंत गेला. कॅन तिथेच राहिला होता, तो घ्यायला परत आला, आणि मग गेला.

बस आली. शेंदूर अजून ओला होता, उन्हात चकाकत होता. त्या थरावर चरासुद्धा नव्हता. मी उजवीकडे उभा राहिलो, आरसा धरला आणि चाळीस माणसांना घोडा दाखवला. बहुतेकांना दिसला.

दुपारी रोह्याला धावीर महाराजांच्या देवळात मी नेहमीसारखं सांगत होतो, की इथे वीरच देव झाला, त्याच्या पालखीला पोलीस सलामी देतात, एवढा या मातीत लढून मेलेल्याचा मान. बोलता बोलता मधेच पुढचं वाक्य निसटलं. कुणीतरी पाणी दिलं. लोकांना वाटलं, मास्तर भावूक झाले.

त्यानंतर एक गोष्ट सुरू झाली. पळसवाडीला बस आली की गोमा पलीकडच्या बांधावर येऊन उभा राहायचा. हाक मारली तर बोलायचा नाही. माझं सांगून होईपर्यंत थांबायचा आणि मग निघून जायचा. प्रत्येक बसला. मला ते सहन होईना. माझी खात्री झाली की हा काहीतरी करणार: दगड मारील, बसची काच फोडील, नाहीतर सगळ्यांसमोर येऊन बोलेल. मी ड्रायव्हरला दारं लावून बसायला सांगू लागलो. लोकांना पिशव्या सांभाळायला सांगू लागलो. एकदा एका बाईंची छत्री हरवली आणि मी बांधाकडे बघितलं. माझ्याबरोबर सगळ्यांनी बघितलं. छत्री बसमध्येच सापडली, पण बघायचं ते बघून झालं होतं.

दोन पावसाळे तो उभा राहिला. मग दिसेनासा झाला. वारला, असं कुणीतरी सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायला हवं म्हणून लिहितो.

पुढे आप्पांनी वीराला पितळी घोडा वाहिला. गाव दगडाला घोडेवीर म्हणू लागलं. मी गुडघे जाईपर्यंत घोडा दाखवला. आप्पाही वारले. फोटो माझ्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या रंगांच्या ब्रशांखाली होता.

या वर्षी उन्हाळ्यात आप्पांचा मुलगा दिनेश मोटारसायकलवरून जोह्याला आला. म्हणाला, काका, घोडेवीराचं देऊळ बांधतोय, जोत्याच्या कार्यक्रमाला तुम्ही चार शब्द बोला, तुमच्याइतकं कुणाला माहिती आहे? मी विचारलं, दगड कसा बसवणार? तो म्हणाला, जोतं हातभर वर घेतोय, पाणी शिरतं ना. दगड जागेवरच ठेवणार, त्याच्या भोवती भर घालून वर टाइल. अर्धा दगड वर राहील, चंद्र-सूर्य नीट दिसतील.

अर्धा वर म्हणजे खालचा कप्पा खाली. कायमचा. शेंदूर कधीतरी सुटतो, सिमेंट सुटत नाही.

मी गेलो, पिशवीत फोटो आणि आरसा घेऊन. चिंच तोडली होती. कामावर वाडीतल्या चार बायका होत्या. त्यांतली एक विटांची पाटी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. गोमाची मुलगी भागी. लहानपणी पाहिली होती, आता तिचेच केस पिकायला आले होते. मी जवळ गेलो. म्हणालो, भागी, ओळखलंस का गो?

“वळीकते ना. तू घोडेवाला.”

मी तिला फोटो दिला. तिने हात साडीला पुसून धरला, पण कुत्र्याकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

“आता कशाला आनलास? कुनी पाठवला तुला?”

कुणी नाही, मी म्हणालो. आणि मग जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. बोळे, कोरणी, पिशवी, ते एक वाक्य. माझं संपलं तेव्हा म्हणाली,

“ठावं हाय.”

मला कळेना.

“बानं बघितले व्हते बोळे. तुझ्या पिशवीत. घरी येऊन आयेला बोलला.”

मी विचारलं, मग तो बोलला का नाही?

“त्याचं कोन ऐकनार? हातात रॉकेल व्हतं.” तिने फोटो पदराखाली धरला. “बस आली का बांधावर जायचा. आये बोलायची, कशाला जातूस, जीव जलवायला? तर बोलायचा, आज मास्तर कुत्रा सांगल. आज नाय सांगितला तर पुढल्या खेपेला सांगल. लिवून घेतलंय त्यानं वहीत, माझ्याम्होरं.”

मी विटांच्या ढिगावर बसलो. दोन पावसाळे जो माणूस दगड मारील म्हणून मी बसची दारं लावून घेत होतो, तो माझं भाषण ऐकायला येत होता. माझा असा एकच श्रोता होता, ज्याला घोडा नको होता.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी माईकवर हे सगळं सांगितलं आणि भागीकडचा फोटो लोकांत फिरवला. सांगायला पाच मिनिटं लागली. कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, काकांचं वय झालंय. दुसऱ्याने विचारलं, वाडीला देवळात वाटा पाहिजे म्हणून तुम्हाला पुढे केलंय का? तिसरा म्हणाला, फोटो कुठल्याही दगडाचा असेल. आणि दिनेश, जो लहानपणी माझ्या आरशापुढे सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा, तो म्हणाला,

“काका, घोडा मी स्वतः बघितलाय. तुम्हीच दाखवलाय. आता सांगताय तेव्हा खोटं बोललो. मग आज खरं बोलताय हे कशावरून?”

मी म्हणालो, शेंदूर उतरवून बघा. तर म्हणाले, वीराच्या अंगाला हात लावायला कोण तयार आहे? पुन्हा कुणावर आळ येईल? तेवढ्यात भागी मागून बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता. म्हणाली, मी उतरवते, दिवसाढवळ्या, सगळ्यांम्होरं. माझा हात आधीच वाईट हाय, आनि किती वाईट व्हनार?

त्यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी दिनेश म्हणाला, आम्ही असं तोंडी ऐकून देवाचं काही बदलणार नाही. तुम्ही लिहून द्या. नुसतं कागदावर नको, छापून आणा, तुमच्या नावानिशी, म्हणजे उद्या तुम्हाला शब्द फिरवता येणार नाही. दिवाळीपर्यंत खालची भर घालत नाही. छापून आलं, तर भागीला उतरवू देऊ.

त्याचा माझ्यावर विश्वास नाही, आणि तो बरोबर करतोय.

निघताना मी आरसा भागीला दिला. तिने तो उलटसुलट करून बघितला, स्वतःचं तोंड बघितलं आणि विचारलं, कुठं उभी राहू? मी म्हणालो, डावीकडे. मी तिथे कधी उभा राहिलो नाही.

म्हणून आता, दिनेशने मागितलं तसं, लेखावर छापलेल्या माझ्या नावानिशी लिहून देतो. पळसवाडीच्या वीराचा शेंदूर रॉकेल लावून मी सैल केला. गोमाने केला नाही. वाडीत रॉकेल लागतंच, हे वाक्य माझं आहे. खालच्या कप्प्यात गुडघा टेकलेला धनुर्धारी आहे, समोर वाघ आहे, मागे उजव्या कोपऱ्यात कुत्रा आहे. पहिलं बोट वाडीचं का, याचं उत्तर तो कप्पा देतो असं मला वाटतं: वीर वाडीतलाच असावा. ते माझं मत आहे, तुम्ही बघून ठरवा. बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या दगडावर घोडा नाही.